वाटीतली मुंगी

शिनोलीची आशा सेविका इंद्रायणी, दवाखान्यातून निघाली ती थेट तेजस्विनीच्या घरी. तेजस्विनीचं चार महिन्यांचं बाळ नऊ दिवसांपूर्वी झोपेतच गेलं होतं, आणि सासू ठकूबाई गावभर सांगत होती की सुनेचं दूधच विषारी.

शवविच्छेदनाचा अहवाल डॉक्टरीणबाईंनी नीट समजावून दिला होता. घशात दूध अडकलेलं नव्हतं, अंगावर दाबाची खूण नव्हती. मानेच्या वर, मेंदूच्या देठात थोड्याशा पेशी असतात, त्या सेरोटोनिन नावाचं रसायन तयार करतात. झोपेत श्वास कोंडला की बाळाला त्याच पेशी जागं करतात. काही बाळांत त्या जन्मापासूनच कमजोर असतात. इथं तसंच झालं असावं, खात्रीनं सांगता येत नाही. पण दुधाचा काही संबंध नाही.

पडवीत पाय ठेवताच इंद्रायणी थबकली. सात-आठ बाया गोल करून बसलेल्या. मधोमध तेजस्विनी, ब्लाउजची बटणं उघडी, मान खाली. तिला पिळायला लावलेलं दूध वाटीत होतं आणि त्यात मुंगी सोडलेली. मुंगी मेली तर दूध विषारी. मुंगी काठाकडं निघाली की ठकूबाई तिला बोटानं खाली दाबायची. बाया वाकून बघत होत्या. एकीची तंबाखूची लाळ हनुवटीवर आली होती, तिला पुसायचीही शुद्ध नव्हती.

ओकारीआधी सुटतं तसं इंद्रायणीच्या तोंडाला पाणी सुटलं. ते गिळून तिनं डॉक्टरीणबाईंचं सगळं सांगितलं.

"मेंदूतलं कुणी पायलंय?" ठकूबाई म्हणाली. "ही बघ, मेली."

"तुमी बुडवली म्हणून मेली. पाण्यात बुडवा, तिथं बी मरंल."

कोपऱ्यातून एक म्हातारी म्हणाली की दुसरी टाकून बघू. दोघी-तिघींनी माना डोलावल्या. इंद्रायणीनं वाटी उचलून अंगणात रिकामी केली, तेजस्विनीची बटणं स्वतः लावली आणि वारूळवाडीला तिच्या भावाला, सूरजला फोन करून तिला माहेरी न्यायला बोलावलं.

तो येईपर्यंत दोघी बाहेर ओट्यावर बसल्या. आत चहा झाला. बशीत ओतून फुरके मारल्याचे आवाज येत होते. इंद्रायणीलाही कप आला. तिला तो हातात धरवेना.

"ताई, मग तो जागा का न्हाई झाला?" तेजस्विनीनं विचारलं.

"त्याला उठवणारं त्याच्याच आत कमी पडलं असंल, बाई. तुझ्यात काय कमी नव्हतं."

तेजस्विनीनं तेच आणखी दोनदा विचारलं. इंद्रायणीनं दोनदा सांगितलं. मग सूरजची गाडी आली.