येतो म्हणून गेलेला

आमच्या ताईने आपल्या लग्नाचा होकार एका भुताच्या हवाली केला होता. नाक्यावर दुकान असलेल्या चष्मेवाल्याने रीतसर विचारलं, माणूस लाखात एक, आणि ही म्हणते, "'सावलीचं सासर'चा दुसरा भाग येऊ दे, मग सांगते." आता बोला! तो बिचारा एकही कादंबरी न वाचलेला माणूस, पण पुस्तक कधी येणार म्हणून मलाच सतावायचा.

पहिल्या भागात मेलेला प्रियकर आरशातल्या धुक्यातून एका शिवणकाम करणाऱ्या मुलीकडे यायचा. शेवटच्या पानावर तो दारात "येतो" म्हणाला आणि विरघळून गेला. ताईचे यजमान, आमचे भावजीही, शेवटच्या दिवशी सकाळी "येतो गं" म्हणूनच बाहेर पडले होते. अपघातानंतर घरी आली ती फक्त त्यांची बॅग. त्यालाही वर्षं लोटली, पण ताईचं मन तिथून हलेना.

"येतो म्हणाला म्हणजे येणार," ती म्हणायची.

"अगं, जाणारा प्रत्येक जण येतोच म्हणतो," मी खेकसायचे. तिचा राग यायचा आणि कीवही.

मी छापखान्यात बांधणीच्या कामाला. दुसरा भाग छापायच्या आधी लेखिकाबाई मुखपृष्ठ बघायला आल्या आणि थेट प्रूफं तपासणाऱ्या काकांसमोर उभ्या राहिल्या.

"मागच्या भागात मी शेवटी 'जातो' लिहिलं होतं. त्याचं 'येतो' कुणी केलं?"

"मी," काका शांतपणे म्हणाले. "दारात उभं राहून जातो म्हणतात का कधी? अभद्र. माझ्या हातून नाही सुटत ते."

बाई हसल्या. "वाचकांनी माझा जीव खाल्ला, तो कधी येतो म्हणून. शेवटी आणलं त्याला परत."

काकांच्या खोडीपायी मेलेला परत येणार आणि माझी बहीण जन्मभर वाट बघत बसणार. चष्मेवाल्याला काय तोंड दाखवायचं, तेही कळेना.

पुस्तक आलं त्या दुपारी ताई पडदे ओढून वाचत बसली. खोलीत पाण्याखालच्यासारखा हिरवट उजेड, नव्या कागदाचा वास. पंख्याच्या आवाजात माझा डोळा लागायचा, उघडायचा, आणि दर वेळी ताई थोडी आणखी लांब गेल्यासारखी वाटायची. एकदा वाटलं, खोलीत तिसरं कुणीतरी श्वास घेतंय. बघते तर ताईच रडत होती.

"आला?" मी विचारलं.

"आला गं. गेला होता तसाच, पंचविशीतला. आणि ती आता चाळिशीची, केस पिकलेले. तिलाच विचारतो, 'ती घरात आहे का?'"

"मग?"

"नाही म्हणाली. म्हणाली, ती गेली."

मी तिला जवळ घेतलं. तिचं अंग तापल्यासारखं गरम होतं.

"हे आले ना, तरी मला ओळखायचे नाहीत," ती माझ्या खांद्यात म्हणाली. मग खूप रडली.

रडं ओसरल्यावर तिने पदराने डोळे पुसले.

"दुकान किती वाजेपर्यंत उघडं असतं गं त्यांचं?"