वाऱ्याच्या उलट

शिर्डीच्या विमानतळावर सामान चढवणाऱ्या टोळीचा मी मुकादम. सकाळीच मी टोळीतल्या हनुमंतावर खेकसलो होतो, "इयरमफ कानावर चढव, न्हाईतर बहिरा होशील!" त्यानं मुकाट चढवले.

दुपारी विमानाचं इंजिन सुरू झालं आणि जमिनीवर पडलेली शाल दिसली. कुणीतरी भाविकानं समाधीला लावून आणलेली. वारा विमानाकडून आमच्याकडं येत होता, तरी शाल उलटी इंजिनाकडं सरकायला लागली; इंजिन तिला आत ओढत होतं. बाबांची शाल पायदळी नको, म्हणून हनुमंत धावला.

"हनमंता, माघारी फिर!" मी बेंबीच्या देठापासून ओरडलो.

तो वाकला. शाल हातभर पुढं गेली. तोही गेला.

सकाळी मीच चढवायला लावलेले इयरमफ त्याच्या कानांवर घट्ट बसले होते.