पुतळीवरचा आळ

वाल उपटायचे ते दवात. ऊन चढलं की शेंगा फुटतात, दाणे मातीत जातात. म्हणून कासूला महिपतीच्या शेतावर आम्ही वाडीतल्या सात बाया उजाडताच बसलो होतो. पुतळीच्या दोन्ही बाजूंची एकेक ओळ तेवढी मोकळी. ती सोडा असं कुणी कुणाला सांगावं लागत नव्हतं.

सहा वर्षं झाली होती त्याला. पुतळी आणि तिचा नवरा पांडू, दीर मोरू आणि जाऊ मालू वीटभट्टीवर कामाला होती. मीपण होते. मोरूची चार वर्षांची करिश्मा तापानं फणफणली. मालू विटा थापायला आणि पोर पुतळीच्या मांडीवर. तिथंच ती गेली. वाडीत परतल्यावर भगतानं पुतळीचं नाव घेतलं. भुताळी आहे, पोर हिनंच खाल्ली म्हणाला. पांडूनं वर्षभर कळ काढली, मग कोळसा पाडायला गेला तो तिकडंच दुसरी बायको करून राहिला. पुतळीचे केस गळाले, हात कापायला लागले, झोप गेली. तिचं बोलणं तर बंदच झालं.

त्या दिवशी वडखळची अनिता कामाला नवीन आली होती. मोकळी ओळ दिसली तशी ती पुतळीच्या शेजारी बसली. न्याहारीला पुतळीच्याच भाकरीचा तुकडा मोडून खाल्ला. मी तिला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. तिनं नीट ऐकून घेतलं आणि परत तिथंच जाऊन बसली.

अनिता येशूला मानणारी. तिच्या घरामागं पत्र्याच्या खोलीत दर रविवारी दहा-पंधरा माणसं प्रार्थनेला जमायची. तिनं पुतळीला बोलावलं. पुतळी काही देवासाठी गेली नाही, कुणीतरी बोलावलं म्हणून गेली. चार महिने दाराशी गप्प बसून होती. माणसं तिच्यासाठी प्रार्थना करायची, पण हात कापायचे ते कापतच राहिले.

एका रविवारी तिथले म्हातारबाबा सांगत होते, येशूला कसं धरून नेलं, कसे खोटे आळ घेतले. पुढचं मला अनितानंच सांगितलं. पुतळीनं मध्येच विचारलं,

“त्याच्यावर पन आळ घेतला व्हता?”

“व्हय,” अनिता म्हणाली.

“त्याची मानसा काय करीत व्हती?”

“पळाली.”

पुतळी दाराशी होती ती आत सरकली. मग म्हणाली, “मी तिला नाय मारली.”

“ठावं हाय गो.”

तेव्हा पुतळी रडली. करिश्माचं नाव घेऊन रडली. भगतानं नाव घेतल्यापासून पोरीसाठी तिला आम्ही रडूसुद्धा दिलं नव्हतं.

त्यानंतर तिला झोप लागायला लागली. दोन घास जास्त जायला लागले. बाकी काही बदललं नाही. वाडीला उलट तिला वाळीत टाकायला आणखी एक कारण मिळालं, वडखळची प्रार्थना. बैठक बसली. मोरूनं सुनावलं, रविवार सोड नाहीतर वाडी सोड. पुतळी दोन्हीला नाही म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिच्या झोपडीचा कूड कुणीतरी लाथा घालून फोडला. तिनं काटक्या लावून परत लिंपला.

मग एका दुपारी मालू तिच्या दारात येऊन उभी राहिली. माझं घर समोरच. मला वाटलं, भांडायला आली.

“माजी पोर शेवटाला काय म्हनाली गो?” मालूनं विचारलं.

“तुला हाक मारीत व्हती. मी सांगला, आय येतेय. तवा निजली.”

मालू उंबऱ्यावरच बसली. पुतळीनं कापरा हात तिच्या पाठीवर ठेवला. तो मालूनं झटकला नाही. मोरू यायच्या आत मात्र उठून घरी गेली, आणि दुसऱ्या दिवशी पाण्यावर गाठ पडली तेव्हा तोंड फिरवून उभी राहिली.

भट्टीवर त्या दिवशी पुतळी पोरीचं अंग ओल्या फडक्यानं पुसत होती. पाणी पाजत होती. मी डोळ्यांनी बघितलं होतं. भगतानं नाव घेतलं तेव्हा मी गप्प बसले. अजून कुणाला बोलले नाही.

रविवारी सकाळी पुतळी वडखळला निघते. जाताना माझ्या दाराशी थांबते.

“येतीस का गो?” ती विचारते.

मी सांगते, काम हाय.