लाकडी हिंडेनबुर्ग

रशियनांना हरवणाऱ्या जर्मन सेनापती हिंडेनबुर्गचा पुतळा चौकात उभा केला, तेव्हा रशियन फौज आपणच हाकलली असं आमच्या गावाला वाटायला लागलं होतं. दोन पुरुष उंच, लाकडी सेनापती. युद्धनिधीला पैसे द्यायचे, खिळा घ्यायचा आणि त्याच्या कोटावर ठोकायचा. हळूहळू लाकूड झाकलं जाऊन सेनापती लोखंडाचा होणार होता. चेहऱ्याला मात्र खिळा लावायचा नाही, अशी सक्त ताकीद होती.

माझा धाकटा भाऊ ब्रुनो आघाडीवरून आजारपणाच्या रजेवर आला होता. तोफगोळा फुटून तो खंदकात गाडला गेला होता. उकरून बाहेर काढल्यापासून त्याचे हात थरथरत. तोंडाशी नेलेलं सूप परत ताटात सांडे. सोमवारी लष्करी डॉक्टर त्याला तपासून ठरवणार होते, पुन्हा आघाडीवर धाडायचं की घरीच ठेवायचं. रोज जपमाळ ओढताना माझं एकच मागणं होतं, त्याला घरीच राहू दे. गाव मात्र म्हणे, सोंग आहे.

रविवारची मिस्सा प्रार्थना संपली आणि खाटीक पोशमानने ब्रुनोला चर्चच्या पायरीवरच गाठलं. पोशमानचे दोन्ही मुलगे लढाईत मारले गेले होते.

"काय रे शूरवीर, सगळ्या गावाने खिळे मारले. तुझाच राहिला."

"हात चालत नाही, काका."

"बिअरचा पेला बरा उचलतोस!" लोक हसले. "चल, तुझा खिळा माझ्याकडून."

"पोशमानभाऊ, सोडा हो त्याला. आजारी आहे तो," मी म्हणाले.

"हेडी, तू आपली माळ ओढ. माझी पोरं आजारी पडायलासुद्धा उरली नाहीत."

दोघांनी ब्रुनोला दंडाला धरून शिडीवर चढवलं. कोणीतरी हातात हातोडा कोंबला.

पहिला घाव बसला. खिळा उडाला. त्या आवाजासरशी ब्रुनोचे डोळे पांढरे झाले. "खाली पडा! सगळे खाली पडा!" असं किंचाळत तो दिसेल तिथे हातोडा घालत सुटला. सेनापतीचं नाक तुटलं, मिशीची ढलपी उडाली, गालाला भोक पडलं.

"अरे, तोंड फोडलं त्याने! ओढा हरामखोराला!"

शिडी ओढली. तो दगडांवर तोंडावर आपटला आणि दात सांडले. मग काठ्या, बूट, थुंकी. रोज चर्चमध्ये शेजारच्या बाकावर गुडघे टेकणाऱ्या बायकांनी त्याचे केस उपटले. मी त्याच्या अंगावर पालथी पडले. माझ्या पाठीत लाथा बसल्या, बरगडी कडकन वाजली. बाहेर राहिलेल्या त्याच्या उजव्या हातावर पोशमानने नालाचा बूट रोवला आणि सगळा भार टाकून टाच फिरवली. सुकी काटकी मोडावी तशी बोटं मोडली. शेवटी पोलिसाने तलवारीच्या मुठीने लोक पांगवले.

सोमवारी डॉक्टरांनी थरथरीकडे पाहिलंच नाही. हाताची पट्टी सोडवली आणि म्हणाले, "ही बोटं आता मिटायची नाहीत. बंदूक कशी धरणार? जा घरी. कोणी मोडली?"

"शिडीवरून पडलो," ब्रुनो म्हणाला.

परतताना पोशमान दुकानाच्या दारात उभा होता. एप्रन रक्ताने माखलेला.

"काय ठरलं?"

"घरीच राहणार, काका."

पोशमान पट्टीत बांधलेल्या त्या हाताकडे बघत राहिला.

"आघाडीवर जाण्याआधी घरातच होती की माझी पोरं," तो म्हणाला. "त्यांचीही बोटं हाताशी होती. बूटही हाच होता."

आणि भिंतीवर डोकं आपटू लागला. मला बरगडीमुळे वाकता येत नव्हतं. ब्रुनोनेच डावा हात पुढे करून त्याचं कपाळ धरलं.