क्रियाशील सभासदांची यादी

“थांब, हालू नको. नाकावर माशी बसली हाये,” पायल म्हणाली आणि तिने नवऱ्याच्या नाकावरची माशी पदराने हाकलली. तेवढ्यात पडद्यावरचा बाण भलतीकडे गेला होता. मिथुनने मान जराशी वळवून तो परत यादीवर आणला.

लॅपटॉपचा कॅमेरा त्याचं नाक बघतो आणि नाकामागे बाण फिरतो. बाण दोन सेकंद एका जागी धरला की बटण दाबलं जातं. गावात नाकाने कांदे सोलणारे पुष्कळ. नाकाने अर्ज भरणारा मिथुन एकटाच. चार वर्षांपूर्वी तलावात जाळं अडकलं म्हणून त्याने बुडी मारली आणि पाण्यातल्या खुंटावर मान आपटली. मानेखालचं सगळं तेव्हापासून बधिर आहे. रडायचं तेवढं पहिल्या वर्षी रडून झालं. आता आतही फारसं काही होत नाही.

मच्छीमार संस्थेचे सचिव केवळरामभाऊ शेजारी खुर्चीवर बसून यादी सांगत होते. यंदापासून नवा नियम होता: जो वर्षभरात एकदाही जाळं ओढायला पाण्यात उतरला नाही, त्याचं नाव कमी. नाव गेलं की मासळीतला हिस्साही गेला.

“नथ्थूभाऊचं काढलं,” मिथुन म्हणाला.

“हो. गुडघे गेले त्याचे. नियम म्हंजे नियम.”

बाण खाली सरकला. अठ्ठावीस नंबरवर मिथुनचं स्वतःचं नाव होतं. केवळरामभाऊंनी चष्मा काढून पुसला.

“तुह्यं राहू दे. कोन पाह्यते?”

“मी त चार वर्सं पान्यात नाई गेलो, भाऊ.”

“तुही गोष्ट अलग हाये.”

“मंग नथ्थूभाऊचंबी राहू द्या.”

“त्याचं ठेवलं त अजून धा जन येतीन भांडाले. नाई जमत.”

पायल तांदूळ निवडायची थांबली. या घरात लोक दयेने बरंच काही आणून देत. हक्काने येत होती ती एवढी मासळीच.

“भाऊ म्हनून राह्यले त राहू दे ना,” ती म्हणाली.

मिथुनला तिच्यासाठी वाईट वाटलं. स्वतःसाठी काहीच वाटलं नाही, आणि त्याचंच त्याला थोडं नवल वाटलं. त्याने बाण आपल्या नावावर धरला. नाव खरंच काढायचं का, असं पडद्याने विचारलं. त्याने बाण ‘होय’वर नेला आणि मान स्थिर केली.

दोन सेकंद होते. पायलने नुसता कॅमेऱ्यापुढे हात धरला असता तरी पुरे होतं. तिचा हात सुपावरून उचललाही गेला. मग तो तिने परत तांदळात ठेवला.

खालचं नाव अठ्ठावीसवर चढलं.

“छापून ठेव,” केवळरामभाऊ म्हणाले आणि चहा न घेताच उठले.