भाजणीचं माप

ओवीने चकली कानाजवळ नेऊन मोडली. आवाज आला नाही. तिने वहीत फुली मारली आणि दुसरी उचलली.

"पुरे गं," कमलिनीबाई म्हणाल्या. "मऊ आहेत. मला माहीत आहे."

दुबईत, अल क्वोजच्या त्यांच्या चकल्यांच्या गाळ्यात मदतनीस सत्यभामा कढईखालचा गॅस बारीक करून उभी होती. जुन्या मशीनांचा व्यापारी मुनीर पाच वाजता पीठ मळायचं मशीन न्यायला येणार होता. सहा महिने पाकिटं परत येत होती. परवा यतीनच म्हणाला होता, "आई, आता खलास करू. अडतीस वर्षं झाली, आराम कर." लेकाच्या बोलण्यावर कमलिनीबाईंनी नुसती मान डोलावली. भाजणीचं माप त्या कुणालाच घेऊ देत नसत, तेव्हा बिघडलं ते त्यांच्याच हातून. अलीकडे उजवं मनगट थरथरायचं. ते त्या पदराखाली ठेवत.

ओवी बारावीला. ग्रॅज्युएशन प्रोजेक्टसाठी शाळेने प्रत्येकाला एकेक व्यावसायिक मेंटर नेमून दिला होता. कुणाला बँकवाला, कुणाला बिल्डर. ओवीच्या वाट्याला या आजी. गुरुवारी प्रेझेंटेशन होतं, आणि वहीभर फुल्याच होत्या.

"आजी, वन लास्ट टाइम. माप घ्या ना. मला व्हिडिओ हवाय."

कमलिनीबाईंनी दुधाच्या पावडरचा रिकामा डबा भाजणीत बुडवला, तळव्याने सपाट केला. असे चार डबे पीठ. त्यावर दोन तांबे पाणी, एक वाटी कडकडीत तेल. पुढचं काम मशीनचं.

"हा डबा अडतीस वर्षांपूर्वीचा?"

"तो गंजला. म्युनिसिपालटीच्या माणसाने काढायला लावला. मग त्याच पावडरचा नवा आणला. जुना बघ, दारात."

दारात गंजक्या डब्यात कढीपत्ता होता. शारजाच्या पहिल्या बिऱ्हाडात यतीन त्याच डब्यातलं दूध प्यायचा. तो रिकामा झाला त्या दिवाळीत घरात दुसरं माप नव्हतं, म्हणून तोच भाजणीत बुडवला होता.

ओवीने नवा डबा नेऊन कढीपत्त्याशेजारी ठेवला. मग खाली वाकून डोळे बारीक केले.

"आजी, लुक."

जुना डबा चांगला दोन बोटं उंच होता.

"दे मेड इट स्मॉलर," ओवी म्हणाली. "चित्र सेम ठेवलं."

"पीठ कमी आणि पाणी तेवढंच," सत्यभामा हळूच म्हणाली. "सैल होणारच की, बाई."

"कधी आणला गं आपण हा?"

"गणपतीनंतर."

कमलिनीबाई स्टुलावर बसल्या. बोटांवर महिने मोजले. सहा भरले तशी बोटं मिटली. चुकला तो डबा, हात नव्हे.

मग उठून त्यांनी परातीत आणखी पाऊण डबा भाजणी घातली. "यल्ला, चल," त्या म्हणाल्या, "लाव मशीन."

घाणा निथळत होता तेव्हा ओवी पेन चावत जवळ आली.

"रिपोर्टमध्ये मिस्टेक कुणाची लिहू? मी सप्लाय इश्यू असं लिहू शकते. नाहीतर यू विल लुक…"

"माझी लिही. डबा मी आणला आणि मी नीट पाहिला नाही. चांगलं नावानिशी लिही."

पोराचा चांगला निकाल सांगावा तशा आवाजात त्या बोलल्या. सत्यभामा तोंड फिरवून हसली.

पाचला मुनीर आला, दोरखंड खांद्यावर टाकून.

"अम्मा, मशीन खाली है?"

"पहले ये खाओ."

त्याने गार झालेली चकली दाताखाली धरली. आवाज थेट कढईपाशी ऐकू आला. ओवीने वहीत पहिली बरोबरची खूण केली.

"मशीन नहीं देना, मुनीर. बैठो, चाय पियो."

चहा त्यांनी स्वतः ओतला आणि उजव्या हाताने त्याच्यासमोर धरला. कप बशीत किणकिणत होता. त्यांनी तो तसाच किणकिणू दिला.