जाळीच्या दारातली परीक्षा

धडे फोनवर येत. एका कानात धडा, दुसऱ्या कानात घर.

बाळाचं पोट आईच्या पोटाला टेकलेलं हवं. डोकं, मान आणि पाठ एका —

अगं, दूध उतू चाललंय!

— रेषेत हवी. आईनं बाळाकडे वाकायचं नाही. बाळाला —

तुझी लेक उठली गं! माझ्याकडे राहायची नाही, आधीच सांगून ठेवते!

— आपल्याकडे आणायचं.

अशी शिकली ती. धडा संपेस्तोवर लेक कडेवर, लेक निजेस्तोवर धडा पुसट. सासूबाई म्हणायच्या, "जगाच्या पोरांना पाजायला शिकवणार ही, आणि घरचं पोर बोंबलतंय." पण म्हणता म्हणता त्याही कान देऊन ऐकायच्या. एकदा तर शेजारणीच्या सुनेला त्यांनी दारातच सुनावलं होतं, "हनुवटी टेकली पाहिजे, हनुवटी! नुसतं तोंड लावून काय होतंय?"

हे खूळ तिच्या डोक्यात कुठून आलं, ते आधी सांगायला हवं. लेक झाली तेव्हा ती परीक्षा व्हायची त्याच बाळंतिणींच्या वॉर्डात होती. लेक छातीला धरेना, स्तनांना चिरा पडलेल्या, आणि जो येई तो हात घालून दाबून जाई. मग एक बाई आली. स्टुलावर बसली, हात पाठीमागे बांधले आणि नुसती बोलत राहिली. दुपार कलली तशी लेक प्यायला लागली. "हात का नाही लावलात?" हिनं विचारलं. "माझ्या हातानं झालं असतं, तर घरी गेल्यावर ते हात कुठून आणले असते तू?" बाई म्हणाली.

त्या स्टुलावर बसायचं, एवढंच तिला हवं होतं. बाकी सगळं त्याच्या मागून आलं.

ती बाई म्हणजे ताई. कोर्स ताईनंच उभा केला होता. ज्यांना कॉलेजची पायरी चढता आली नाही अशा बायकांसाठी. फी नाही, पदवीची अट नाही, शिकायचं घरून. फक्त प्रात्यक्षिक तेवढं वॉर्डात, आणि वॉर्ड सिस्टरांचा. सिस्टर बऱ्या होत्या, पण पहिल्या बॅचनं त्यांना रडकुंडीला आणलं होतं. बायका अर्ध्यातून उठून घरी जात. एकीचा नवरा कपाटाची किल्ली विचारायला थेट बाळंतिणीच्या खाटेपाशी आला होता. तेव्हापासून नियम झाला: दुपारच्या विश्रांतीत जाळीचं दार बंद. आतली बाहेर नाही, बाहेरची आत नाही. आणि बाहेरचं बाळ तर कधीच नाही, वॉर्डात नवी अर्भकं असतात. ताईनं सगळं मान्य केलं. नसतं केलं तर वॉर्डच मिळाला नसता.

अशा तऱ्हेनं अंगावर पाजायला शिकवणाऱ्या कोर्सात अंगावर पाजणारी बाईच मावेनाशी झाली. आणि गंमत म्हणजे कुणाचंच चुकलेलं नव्हतं.

प्रात्यक्षिकाला दोन बाळंतिणी बघायच्या. दोघींचं जमलं तर पास. या बॅचमधून एकीला वॉर्डात कामावर घेणार होते. पुढची बॅच होईल की नाही, हे ताईलाही ठाऊक नव्हतं.

"मी दाराबाहेर बाकावर बसते हिला घेऊन," सासूबाई म्हणाल्या. "दूध काढून ठेवलंयस ना वाटीत?"

"ठेवलंय. चमच्यानं द्या, सावकाश."

निघण्याआधी तिनं लेकीला पोटभर पाजलं होतं. पण सिस्टरांची फेरी लांबली, प्रात्यक्षिक उशिरा सुरू झालं आणि दार विश्रांतीच्या वेळेला बंद झालं ते झालंच.

आत

पहिली बाळंतीण पोरसवदा, डोळे सुजलेले. हिनं स्टूल ओढलं, हात मागे बांधले. "बाळाचं नाक कुठे आलंय बघा बरं. हां. आता थांबा. ते तोंड मोठं उघडेल, तेव्हा आणा." बाळ उघडेना, उघडेना, मग एकदम आ वासून लागलं. पोरीच्या तोंडून "अय्या" निघालं. भिंतीला टेकून उभ्या असलेल्या ताईनं मान डोलावली.

बाहेर

वाटी लवंडली. म्हणजे लेकीनंच लाथ मारली.

आत

रडण्याचा आवाज आला. वॉर्डात बाळं रडतच असतात, पण हा आवाज तिला कुठूनही ओळखू आला असता. छातीत झिणझिण्या आल्या, पान्हा फुटला आणि पांढऱ्या अॅप्रनवर दोन ओले डाग पसरू लागले.

"ताई, माझी लेक आहे ती."

"माहीत आहे."

"पाजून येते. लगेच येते."

ताई खालच्या आवाजात म्हणाली, "बाहेर गेलीस तर परत घेणार नाहीत. किल्ली सिस्टरांच्या खिशात आहे, आणि हा नियम माझ्या सहीचा आहे. दुसरी बाळंतीण आता उठेलच. थोडं थांब."

बाहेर

"अहो आई, बाटली तरी आणायची होतीत!" ती आतून जाळीपाशी धावत आली होती.

"आणणार होते! तूच म्हणालीस ना, बाटलीची सवय लागली की पोर अंगावर पीत नाही. मी घरातली बाटली शेजारणीला देऊन टाकली. आता मलाच बोल लाव!"

धडा तिचाच होता.

दाराची दोन पाखं साखळीनं बांधलेली होती. साखळीला ढील होती. पाखं ओढली की चार बोटांची फट पडे. हात जाई, डोकं जात नसे. आई आत राहील, बाळ बाहेर राहील. नियमाच्या दोन्ही बाजू शाबूत.

"आई, हिला इथे आणा."

"इथे? माणसं येतात-जातात गं!"

दारापाशी बसलेल्या रखवालदारानं हे ऐकलं आणि भिंतीवरची सूचना वाचायला पाठ फिरवली.

दार

अॅप्रन एका बाजूला सारून ती फटीला बिलगली. लोखंड गार होतं. लेक समोर, पण धरायला हात पुरेनात. एक हात पाखं रोखून धरण्यात, दुसरा कोपरापाशी अडकलेला.

"आई, आडवी करा. तिचं पोट माझ्याकडे. डोकं दाबू नका."

"दाबत नाहीये!"

"मानेला आधार द्या. अजून वर. हां. आता थांबा, तोंड उघडू दे —"

"माझे हात गळून चाललेत, लवकर काय ते कर!"

"मी काही करायचं नाही, तुम्हीच आणा. आता! आणा!"

लेकीनं गालानं लोखंड चाचपलं, चिडली, मग सापडलं. रडणं तुटलं. घशातून घुटके ऐकू आले. सासूबाई घामाघूम होऊन म्हणाल्या, "कारटी, आजीला नाचवतेस होय?"

ताई मागे येऊन उभी राहिली होती.

"दुसरी बाळंतीण उठलीय. सिस्टर थांबल्यात."

"आत्ताच लागलीय ही."

"सिस्टर थांबणार नाहीत."

लेक डोळे मिटून पीत होती. आता तोंडातून काढलं तर पुन्हा आकांत, आणि या फटीत पुन्हा लावणं म्हणजे दिव्य. नाही काढलं तर ते स्टूल गेलं.

"ताई, तुम्ही असता तर काय केलं असतं?"

"मला मूल नाही," ताई म्हणाली. "म्हणूनच बहुतेक मी हा नियम सहज मान्य केला."

ती गेली. सिस्टरांशी तिची हुज्जत ऐकू आली, मग आवाज थांबले. दुसऱ्या एका विद्यार्थिनीचं नाव पुकारलं गेलं, आणि कॉरिडॉरच्या टोकाला कुणीतरी स्टूल सरकवलं.

ताई परत आली ती अॅप्रन मागायला. तो परत द्यावा लागे. "पुढची बॅच झाली तर पहिल्यापासून बसावं लागेल. मी भांडेन त्यांच्याशी. पण आज नाही काही करता आलं मला."

अडकलेला हात मागे घेऊन तिनं गाठ सोडली. फटीत उभ्यानं, लेकीला धक्का न लावता, ओला अॅप्रन कसाबसा खांद्यावरून काढून दिला.

"झालं काय?" सासूबाईंनी विचारलं. "पास?"

"नाही."

त्या नातीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मग आता तरी उघडतील ना दार?"

"नाही. विश्रांती संपल्याशिवाय नाही."

"नापास झालेलीलापण?"

"सगळ्यांनाच."

सासूबाईंनी एक सुस्कारा सोडला, पाय फाकवून नीट उभ्या राहिल्या आणि नातीला दुसऱ्या हातावर घेतलं. "बरं मग. फिर जरा. दुसरी बाजू दे."